ते
दंडारीच्या लोकनाट्यात नाचणाऱ्या गुलाबचं लुगडं संग्रहालयात काचेमागं मांडलं आणि पाटीवर मी लिहिलं, ‘ती सुरेख नाचायची.’ साहेब चिडले. “जन्मानं पुरुष होता तो. उगाच वाद नको. ‘ते सुरेख नाचत’ असं आदरानं लिही.” मी पाटी बदलली. उद्घाटनाला कामठ्याहून इतवारीबाबा आले, गुलाबसोबत जन्मभर संसार केलेले. तिच्यासाठी सगळ्या गावाशी भांडलेले. आता त्यांना काय तोंड दाखवू? काचेवर नसलेला डाग मी पुन्हापुन्हा पुसत राहिले. बाबांनी मला हळूच बाजूला सारलं आणि अक्षरांवर बोट ठेवून वाचलं, “ते... सुरेख... नाचत.” मग वळून त्यांनी साहेबांचे हातच धरले. “सायेब, आमच्या कामठ्यात बाईले ‘ते’च म्हनतेत. ते आली, ते गेली. पन ते मरेपर्यंत गाव तिले ‘तो’च म्हनत रायलं. पाटीवर तिले बाई लिवनारे तुमीच पयले!”