हा घोडा हाय का बैल?

"आता तूच सांग चंद्रभान, हा घोडा हाय का बैल?"

भुजंगनं अंक चंद्रभानच्या नाकासमोर धरला. चंद्रभाननं पंक्चरची ट्यूब पाण्यात तशीच दाबून ठेवली आणि मान तिरकी करून चित्र पाहिलं. 'रानजित' चित्रमालिकेचा हा नवा अंक सकाळच्या एस्टीनं बोरीत उतरला होता. सरदार रानजित वादळ नावाच्या घोड्यावरून नदी ओलांडत होता आणि घोड्याच्या गळ्याखाली बैलासारखी हातभर कातडी लोंबत होती.

"बैलच हाय," चंद्रभान म्हणाला. "पण पाण्यात पाय कसा भेत भेत टाकायलाय बघ. जित्तं वाटतंय जनावर."

"जित्तं म्हणं! नांगराला जुंप मग. आधीच्या चित्रकाराचा वादळ आठव जरा. नाकपुड्या कशा फुलायच्या!"

साल चौऱ्याहत्तर. बोरीत या मालिकेचे दर्दी म्हणावेत असे दोघंच. चंद्रभानचं सायकलचं दुकान होतं, भुजंग ग्रामपंचायतीत कारकून. मालिकेवर चित्रकाराचं नाव छापत नसत, पण वर्षाखाली हात बदलला हे भुजंगनं पहिल्याच पानावर ओळखलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेव्हापासून दर महिन्याला त्याचं एक कार्ड मुंबईला संपादकाकडं जायचं. 'या इसमाला भिंतीला चुना लावायला ठेवा' असला मजकूर आणि खाली सही 'एक रसिक'. कारकुनानं घोड्यावरून भांडणं बरं दिसत नाही, म्हणून नाव नाही.

अक्षर मात्र मोत्यासारखं. थोरल्या भावानं, सितारामनं, लहानपणी बोरूनं गिरवून घेतलं होतं. भुजंगला मॅट्रिकपर्यंत शिकता यावं म्हणून सितारामनं सातवीतच शाळा सोडली आणि मुंबईला छापखान्यात शाई लावायला गेला. त्याला आता दहा वर्षं झाली होती.

त्या दिवशी जेवताना भुजंगनं अंक पुन्हा उघडला. नवव्या पानावर एक म्हातारी तहानलेल्या सरदाराला तांब्या देत होती. पदराचं टोक दातात धरलेलं, एक खांदा जरा उतरलेला. भुजंगचा घास हातातच राहिला. हिला कुठं पाहिलं बरं? काही केल्या आठवेना, आणि डोळे मात्र भरून आले.

"तिखट झालं का रं?" धुरपताबाईनं चुलीपासून विचारलं.

"न्हाई माय."

"दादाचं पत्र आलंय. वाचून दाखव बरं."

पत्रात नेहमीचंच. 'मायला धाप लागते का ते कळव. ढवळ्याला चारा कमी पडू देऊ नको. पुढल्या महिन्यात एक गंमत पाठवतो, मायला दाखव.'

भुजंगचं पत्रात लक्ष नव्हतं. ज्याला धड घोडा काढता येत नाही तो माणूस आपल्याला रडवतो म्हणजे काय? त्याला स्वतःचंच कळेना. आणि कळेना म्हणून जास्तच राग आला.

दुसऱ्या दिवशी त्यानं कार्ड नाही टाकलं. पंचायतीच्या रिवाजाप्रमाणे रीतसर निवेदन लिहिलं. 'आम्ही खाली नावे दिलेले पन्नास वाचक कळवितो की, हा चित्रकार काढावा, अन्यथा अंक घेणे बंद करू.'

"पन्नास कुठून आणले बाबा?" चंद्रभाननं विचारलं.

"मतदार यादी हाय की. आमच्या आळीपासून वळीनं उतरून काढली. रस्त्याच्या अर्जाला आमी तेच करतो. उत्तर तुझ्या दुकानावर मागवलंय."

"आरं, पण मला आवडायलाय त्यो चित्रकार."

"तुझं नाव न्हाई घातलं, जा."

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. 'पन्नास वाचकांच्या भावनांचा मान राखून पुढील अंकापासून चित्रकार बदलत आहोत.'

भुजंगनं चहा सांगितला. चंद्रभाननं कप हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. "एखाद्याच्या पोटावर पाय देऊन चहा ग्वाड लागंना राव," तो म्हणाला.

"हाताला जमत न्हाई त्यानं दुसरं काम बघावं," भुजंग म्हणाला. पण जिंकल्याचा आनंद काही होईना. घरी येऊन त्यानं नववं पान पुन्हा काढलं आणि कितीतरी वेळ बघत बसला.

चौथ्या दिवशी दुपारी कसलीही खबर न देता सिताराम दारात उभा राहिला. हातात पत्र्याची पेटी. आधी गोठ्यात गेला, ढवळ्याच्या गळ्याखाली लोंबणारी कातडी कितीतरी वेळ खाजवत राहिला. मग आत येऊन मायच्या पाया पडला.

"किती दिवसांची रजा?" भुजंगनं विचारलं.

"सोडली नोकरी."

"आरं द्येवा! शाई लावणाऱ्याला कोण काढतंय? चूक झाली का काही?"

"शाई लावायचं कवाच सुटलं. चूक म्हणशील तर झाली असंल." सिताराम हसल्यासारखं करून म्हणाला, "मालक राहा म्हणत होता. दुसरं काम देतो म्हणला. मलाच थांबवंना."

धुरपताबाई लगबगीनं उठली. पदराचं टोक दातात धरून तिनं माठातून तांब्या भरला आणि लेकापुढं धरला. उजवा खांदा जरा उतरलेला. भुजंग तिच्याकडं बघतच राहिला.

सितारामनं पाणी पिऊन पेटी उघडली. आत कुंचले होते, शाईच्या बाटल्या होत्या. तळातून त्यानं एक घडी घातलेला कागद काढला आणि भुजंगच्या हातात दिला.

"कार्डांवरचं अक्षर पहिल्याच महिन्यात वळखलं होतं मी," तो हळूच म्हणाला. "त्याचं काही न्हाई, तुला माझी चित्रं आवडली न्हाईत तर न्हाईत. पण या पन्नास नावांत सोळा नंबरला मायचं नाव बघितलं, आन् मग हातच उचलंना रं."