वाचणाऱ्याचं नाव

निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेल्या हिंमतरावांनी अर्जावर उर्दूत सही केली. तहसिलीतल्या नव्या कारकुनानं ती खोडली.

"आता कारभार मराठीत आहे. मराठी लिहिता येत नसेल, तर अंगठा लावा."

हिंमतरावांनी अंगठा लावला.

ते निघाले, तर कारकुनानंच थांबवलं. बाकावर बसलेल्या कुलसुमबीच्या जमिनीचा जुना उर्दू कागद कचेरीत कुणालाच वाचता येत नव्हता. हिंमतरावांनी तो शेवटपर्यंत वाचला, मराठीत समजावून सांगितला.

"बाई, जमीन तुमचीच हाय."

कारकुनानं सगळं लिहून घेतलं. खाली लिहिलं : 'कागद वाचून दाखवणार, हिंमतराव, राहणार येरमाळा.'

 

त्यानं शाईची डबी उघडायच्या आत हिंमतरावांनी अंगठा पुढं केला होता.