सिंह राशीचे तीन फोटो

"तारे कुठे गेले, बाई?" हिलाल सरांनी तिन्ही फोटो काउंटरवर आपटले.

"तारे होते ते? मला वाटलं, मशीनच्या काचेवरची धूळ," सुंदरबाई म्हणाल्या. धुळ्याच्या त्या स्टुडिओत फोटोंवरचे पांढरे डाग बारीक ब्रशने काळ्या शाईत बुजवणं, हेच त्यांचं काम. त्यांनी सिंह राशीतला एक न् एक तारा बुजवला होता. आकाश कसं कोरं, काळंभोर दिसत होतं.

सर पिंपळनेरच्या शाळेत विज्ञान शिकवत. ब्याण्णवचा मार्च होता. वेस्टा नावाचा लघुग्रह तेव्हा सिंह राशीतून चालला होता. त्याला पकडायचं म्हणून सरांनी दहा दिवसांत तीनदा आकाशाच्या त्याच तुकड्याचा फोटो घेतला होता. जळगावच्या विज्ञान प्रदर्शनात तो लघुग्रह दाखवतोच, असं ते शाळेत सगळ्यांना सांगून बसले होते. पहिल्या खेपेला फोटो राखाडी निघाले; आकाश म्हणजे धुरकट फडकं. "हार्ड पेपरवर काढा, काळं-पांढरं ठळक येऊ द्या," असं त्यांनी बजावलं. तर दुसऱ्या खेपेला हे!

"अडीच तास एसटीत आदळत येतो मी! पुन्हा काढा. आणि एकाही ठिपक्याला हात लावू नका!" सर तरातरा निघून गेले.

पुढच्या मंगळवारी फोटो तयार होते. या वेळी खोट काढायला जागा नव्हती. काळं कुळकुळीत आकाश, त्यावर टोकदार ठिपके. शेकडो. सर स्टुलावर बसून भिंगातून एकेक ताडून पाहू लागले. तास गेला. पाचदा मोजलं, पाचदा चुकले. शेवटी त्यांनी भिंग बाजूला टाकलं.

"काही नाही यात. सगळी मेहनत वाया!"

सुंदरबाई उठून आल्या. त्यांनी पहिल्या फोटोतल्या एका ठिपक्यावर नख टेकवलं. मग दुसऱ्या फोटोत, जरा डावीकडे. मग तिसऱ्यात, आणखी डावीकडे. बोलताना तोंडून घरचीच बोली निघाली.

"बठ्ठा ठिपका जागावर शेतस, सर. हाऊ एकच सरकी ऱ्हायना."

बाकी सगळे जागच्या जागी, सरकणारा हा एकच! सरांनी घाईघाईने भिंग उचललं. ताऱ्यांचा नकाशा उलगडून तिन्ही जागा जुळवल्या. तिन्ही बरोबर होत्या; तो वेस्टाच होता. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"बाई, हे तुम्हाला कधी दिसलं?"

"मागच्या खेपेलाच, ठिपके बुजवताना. विचारणार होते, पण तुम्ही बोलू कुठे दिलं?"