कादंबरीतले तीन दिवस

भीमराजची आपल्या गावावरची पहिलीच कादंबरी. तीन प्रकाशकांनी ती साभार परत पाठवली. चौथा म्हणाला, "शेवटी आईला मारा, वाचक रडला पाहिजे." भीमराजनं मुकाट्यानं मारलं. कादंबरी गाजली. संध्याकाळी वणीला सत्कार होता, म्हणून दोन वर्षांनी तो तासाभरासाठी मुकुटबनला घरी आला.

रुखमाबाई अंगणात तूर पाखडत होती. शेजारच्या उर्वशीनं तिला सगळं पुस्तक वाचून दाखवलंय, हे कळल्यावर तो ओशाळला.

"माय, शेवटचं मनावर घेऊ नको. पुस्तकात तसं लिहा लागते."

"कायले घेऊ मनावर?" तिनं सूप खाली ठेवलं. "मले तं तेच लय आवडलं. उर्वशीले चार खेपा वाचाले लावलं."

"तुह्यं मरण?"

"हो ना बापू. मी मेली तं तू पह्यल्या गाडीनं आला. तीन दिवस घरी राह्यला. माह्या गोधडीत तोंड खुपसून रडला."

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. रुखमाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"आता चहापुरता तरी थांबशीन ना?"