उभी कटिंग

निरीक्षकाने खुर्च्या मोजल्या. एक, दोन. खात्री करायला पुन्हा मोजल्या. तरी दोनच भरल्या.

"परवाना एका खुर्चीचा आहे," तो म्हणाला. "दुसरी जप्त."

दुसऱ्या खुर्चीमागे सलूनवाल्याची लेक कात्री धरून उभी होती. खुर्ची येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि लेकीचा हात बापापेक्षा हलका आहे, असं गिऱ्हाइकं आताच म्हणायला लागली होती. बाप दुकानात रुसल्याचं सोंग करायचा आणि घरी जाऊन बायकोला तेच तीनतीनदा सांगायचा.

"साहेब, अर्ज केलाय की हो," सलूनवाला म्हणाला. "दोन वर्षं झाली."

"नवीन खुर्च्या बंद आहेत. जुन्या सलूनवाल्यांच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून."

"अहो, जुना सलूनवाला मीच ना!"

"तेच तर. तुमच्याच भल्यासाठी आहे."

कोपऱ्यातल्या बाकावर एक वर्तमानपत्र होतं आणि त्यामागे एक म्हातारा. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेला. साबण कुणी बनवावा, बस कुणी चालवावी, शाळा कुणी काढावी, काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "ज्याला करायचंय त्याला करू द्या ना!" म्हणून सगळं गाव त्यांना करूद्या मास्तर म्हणायचं. परवान्यांविरुद्ध त्यांनी अकरा पुस्तकं लिहिली होती. चाळीस वर्षांत त्यांच्या सांगण्यावरून एकही परवाना रद्द झाला नव्हता. उलट नववं पुस्तक आलं आणि पुस्तकं छापायलाच परवाना लागू लागला.

"मास्तर, एवढं लिहिलंत," सलूनवाला काकुळतीला येऊन म्हणाला. "त्यातलं एखादं पान आज उपयोगी पडेल का?"

मास्तरांनी मनातल्या मनात अकराही पुस्तकं चाळली. तसं पान एकातही नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"निरीक्षकसाहेब, नियमात काय मोजायला सांगितलंय? माणसं की खुर्च्या?"

निरीक्षकाने खिशातली पुस्तिका काढली. ओळीवरून बोट फिरवलं. "खुर्च्या."

"मग न्या उचलून."

लेकीचा चेहरा पडला. "मास्तर, तुम्हीसुद्धा?"

खुर्ची दाराबाहेर गेली. फरशीवर तिच्या पायांचे चार डाग तेवढे उरले. मास्तर उठले, त्या चार डागांच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि खुंटीवरचं कापड स्वतःच गळ्याभोवती बांधून घेतलं.

"काप."

"उभ्याने?"

"नियम खुर्चीला आहे. मी कुठे बसलोय?"

चकचकीत टक्कल आणि कानांमागे पांढऱ्या केसांची झालर, एवढीच मास्तरांची मिळकत. त्यातून मास्तर ताडमाड आणि लेक बुटकी. तिने साबणाचं रिकामं खोकं ओढलं आणि वर चढली. निरीक्षकाने पुस्तिकेत 'खोकं' शोधलं. दोनदा शोधलं. सापडलं नाही. कात्री चालू झाली.

पुढचं कुणाला खोटं वाटलं तर वाटो. उभा माणूस घोरत नाही. राजकारणावर बोलत नाही. "मिशी जरा अजून बारीक" असं चौथ्यांदा म्हणत नाही. पाच मिनिटांत मोकळा. शनिवारपर्यंत रांग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाला जाऊन टेकली. मागच्या गल्लीत दोघी बहिणी चार वर्षं परवान्याची वाट पाहत होत्या. त्यांनी एक आरसा आणला, दोन खोकी मांडली आणि दुकान थाटलं. मग जुन्या सलूनवाल्यांनीही आपापल्या खुर्च्या माळ्यावर टाकल्या, कारण बसून केस कापून घेणं म्हणजे आजारी माणसाचं लक्षण, अशी हवाच झाली. नवरदेव उभे, न्यायाधीश उभे, पुढारीही उभे. पोटावर पाय येईल म्हणत होते. आमच्या सलूनवाल्याचं पोट चांगलं वीतभर सुटलं.

तीन महिन्यांत गावभर सलूनची म्हणून एक खुर्ची उरली नाही. खुर्ची-परवाना कार्यालयात सतरा कारकून आणि मोजायला शून्य. वरून पत्र आलं: महिनाअखेर एकही खुर्ची दाखवता आली नाही, तर कार्यालयाला कुलूप.

एका सकाळी सलूनच्या दारात कुणीतरी धापा टाकत आलं. आधी खुर्ची आत आली, मग तिच्याखालचा निरीक्षक. तीच खुर्ची. डोक्यावर घेऊन चालत आणलेली.

"ताई, ठेवून घ्या हो," तो म्हणाला. "परवाना नको, काही नको. कोपऱ्यात पडू दे. महिन्यातून एकदा येऊन मोजून जाईन, बस्स!"

लेक खोक्यावरून उतरली नाही. कात्री थांबवून तिने वरूनच त्याच्याकडे पाहिलं.

"माझ्या दुकानात खुर्ची ठेवायची तर माझी परवानगी लागेल."

"द्या ना मग!"

"अर्ज करा. तीन प्रतींत."

सलूनमध्ये असा हशा उसळला की रांगेतल्या शेवटच्या माणसाने विचारलं, काय झालं? सलूनवाला डोळे पुसत भिंतीला टेकला. निरीक्षक मात्र हसला नाही. त्याने एका हाताने डोक्यावरची खुर्ची सावरली आणि दुसऱ्या हाताने निमूटपणे खिशातलं पेन चाचपू लागला.

कोपऱ्यातलं वर्तमानपत्र हळूच खाली आलं. चाळीस वर्षं या एका दृश्यासाठी जागलेले डोळे मास्तरांनी भरभरून निववले. मग घसा खाकरून ते म्हणाले,

"अगं, अर्ज कसला मागतेस? करू द्या ना त्यांनाही!"