डावखुरी गिटार

रस्त्याने जाता जाता गिऱ्हाईक थबकलं, आत आलं आणि तीन वर्षं भिंतीवर धूळ खात असलेल्या बेस गिटारकडे बघत म्हणालं, “ही द्या.”

दुकानदाराला राहवेना. “दादा, आधीच सांगतो. ही डावखुऱ्यांची आहे, म्हणून अर्ध्या किमतीत. हिच्या तारा उजव्या हाताने दाबायच्या, डाव्याने छेडायच्या. तुम्ही डावखुरे का?”

“नाही. उजव्या हाताने छेडायची घरी आहे. वीस वर्षं वाजवली.”

“मग हे लोढणं कशाला गळ्यात बांधून घेताय?”

त्याने इतका वेळ खिशात ठेवलेला डावा हात बाहेर काढला. कारखान्यातल्या यंत्रातून अंगठा आणि शेजारचं बोट तेवढं वाचलं होतं.

“दाबायला नाही जमत आता. छेडायला एवढी पुरतील ना?”