टिटवीची खिडकी

"आथं खड्डा नाय," आनंदाबाबा म्हणाले आणि उर्वीने नुकतीच ठोकलेली खुंटी उपटून त्यांनी काखेत मारली.

ही तिसरी खुंटी. उर्वी शहरातल्या टेंभी नाक्याची, आर्किटेक्ट. कोपरच्या खाडीकाठी पक्षी बघायला मनोरा उभारायचं काम तिला मिळालं होतं. तोही कसा, तर सगळा बांबूचा. उद्या उचलून नेला तर खालचं गवतही म्हणेल, कोण आलं होतं? जागा आनंदाबाबांची. बापजाद्यांचं मिठागर, आता ओसाड. भाऊबंदांनी आपल्या जमिनी बिल्डरला देऊन गळ्यात बोटाएवढ्या चेनी घातल्या. बाबांनी हा तुकडा मनोऱ्याला फुकट दिला. गावाने त्यांना खुळ्यात काढलं, आणि ते बाबांच्या पथ्यावरच पडलं. खुळ्याला कोणी कारणं विचारत नाही.

"मग खणू कुठे, बाबा?"

"खनायचाच नाय. टिटवीचा घरटा हाय तथं."

पाच पावलांवर, बांधाच्या उंचवट्यावर, खड्यांचं एक रिंगण होतं. आत पांढुरकी माती. उर्वी पुढे सरकली तसा बाबांनी हात आडवा धरला.

"लांबूनच बग, बाय. वरडली तं सारी खारी गोला करील."

टिटवी उघड्यावर, खड्यांतच अंडी घालते, हे उर्वीने वाचलेलं. ती हरखली. हा माणूस एका पाखरापायी तिचा नकाशा फिरवतोय! तिने तो आनंदाने फिरवला. घरटं मधोमध ठेवून मनोऱ्याचे चारही पाय त्याच्यापासून लांब फाकवले.

पण मंजुरी देणाऱ्या साहेबांनी चष्मा वर केला. "चार खड्डे, सहा फुटी, आत काँक्रीट. नाहीतर फाईल बंद."

दुसऱ्या दिवशी खोदायचं मशीन आलं. बाबा रिंगणापुढे मांडी घालून बसले, डोक्यावर पंचा टाकून. जेवले नाहीत, पाणी प्यायले नाहीत.

"खनायचा असंल तं आदी मना मातीत गारा," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी मशीन परत गेलं. उर्वी महिनाभर कागदाला डोकं लावून बसली. शेवटी दगड भरलेले जाळीचे पेटारे जमिनीवर नुसते ठेवून त्यांवर पाय उभे करायचे ठरलं. वाळूची पोती रचून दुप्पट वजन लादलं. पेटारे बोटभरही खचले नाहीत. साहेबांनी सही केली.

बांबू बाबांनी चार महिने खाडीच्या चिखलात पुरून ठेवले. "खारा पानी पिला का कीर लागत नाय." मिठावर त्यांचा भारी विश्वास. बंडीच्या खिशात कायम मूठभर खडे मीठ असायचं.

मग बाबांच्या फर्माइशी सुरू झाल्या, आणि 'कदी व्हनार' अशी रोजची घाईही. पायऱ्या दोन बोटं बुटक्या कर. वळणावर बसायला फळी ठेव.

"कोणासाठी, बाबा?"

"म्हातारी मानसां यतील."

"आजींना आणा की एकदा."

"सगुना? चालीस वरसांत या बांधावर आली नाय ती."

"का हो?"

"गुडघं," बाबा म्हणाले आणि खाडीकडे बघू लागले.

शेवटची फर्माईश दिवाळीत आली. वरच्या मजल्याच्या जमिनीला एक खिडकी पाहिजे, सरळ खाली उघडणारी. जवळ न जाता घरटं दिसलं पाहिजे. "आत्ता अंडी हायेत," ते हळूच म्हणाले.

पक्षी मोजायला येणाऱ्या साकेतने ते ऐकलं. बाबा गेल्यावर तो हसला. "दिवाळीत? उर्वी, टिटवी उन्हाळ्यात अंडी घालते. म्हातारा फिरकी घेतोय तुझी."

"ते साठ वर्षं या बांधावर आहेत. तू दोन रविवार आलायस."

"बरं बाई. मी काय, पुस्तकातला पोपट!"

खिडकी झाली. फळी सरकवली की थेट खाली रिंगण. उर्वीला तिचा इतका अभिमान, की येणाऱ्या-जाणाऱ्याला ती "टिटवीची खिडकी" म्हणून दाखवायची. मनोऱ्याच्या नावाची पाटी तेवढी कोरी राहिली. तीही बाबांमुळेच. "नाव मागून. म्हातारी ठेवील."

आता इलाज नाही म्हणून डॉक्टरांनी म्हातारीला घरी न्यायला सांगितलं, ते उर्वीला त्याच आठवड्यात कळलं. बाबांची घाई तेव्हा तिच्या लक्षात आली. उद्घाटनाची वाट न बघता तिने निरोप धाडला: उद्याच या.

सगुणाआजी सकाळीच आल्या, हिरवं लुगडं नेसून. बाबा वर चढले नाहीत. मनोऱ्याकडे पाठ करून बांधावर बसले. बुटक्या पायऱ्यांवरून, उर्वीच्या खांद्याचा आधार घेत, वळणावरच्या फळीवर दोनदा टेकत आजी वर पोचल्या.

खाडी गुलाबी झाली होती. "आजी, ते बघा, रोहित पक्षी! हजारभर तरी असतील."

आजींनी मान वळवली नाही. "खिरकी कंची गो?"

उर्वीने फळी सरकवली. आजी गुडघे मोडून बसल्या आणि खाली वाकल्या. रिंगणात कोणीतरी नुकतंच मीठ टाकलेलं. उन्हात ते चकाकत होतं. आजी बघत राहिल्या. खूप वेळ.

उर्वीला ओशाळल्यासारखं झालं. "आत्ता अंडी नाहीत, आजी."

"धा दिसांचा व्हता," आजी म्हणाल्या. "मातीत पुराला बाया जात नाय. यानं मना जागा कदी दावली नाय. बाराव्याला नाव ठेवाचा व्हता, त्यो राह्यला."

मग त्यांनी दोन्ही तळव्यांचा आडोसा तोंडाशी धरला आणि खिडकीतून खाली वाकून, कानात सांगावं तसं म्हणाल्या, "कुर्रर्र... सहदेव."